बर्गनचं विरजण

थाटीपूर, ग्वाल्हेर
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय समर,

तुझं वाढदिवसाचं कार्ड मिळालं. माझा वाढदिवस ऑगस्टात येतो हे तू विसरला नसशील, तेव्हा कार्डाच्या पोटात बटर पेपरात गुंडाळलेल्या त्या तपकिरी पापुद्र्यांसाठीच हा सण काढलास हे मी समजलो. पाकीट मंजिरीने उघडलं. तिला वाटलं, नॉर्वेत माणसं जखमेच्या खपल्या जपून ठेवतात आणि जिवलग मित्रांना पाठवतात. मी म्हटलं, हे विरजण आहे. बिअरचं. ती म्हणाली, "मग माझ्या दह्याच्या शेजारी ठेवू नका."

तू फोन उचलत नाहीस म्हणून डिसेंबरात मी पत्र लिहिलं आणि कबूल केलं, की पंचावन्नाव्या वर्षी मला घरी बिअर करायचं खूळ लागलं आहे. पहिला प्रयोगही कळवला होता: प्रेशर कुकर, बाजारचं जवाचं पीठ आणि पावाचं यीस्ट. तयार झालं ते मोरीत ओतलं, तेव्हा झुरळं बाहेर येऊन रांगेत उभी राहिली. त्यावर तू दोन ओळींचं उत्तर पाठवलंस. पहिली, पावाच्या यीस्टने पाव होतो. दुसरी, "पिण्यालायक एक बाटली करून दाखव, मी ग्वाल्हेरला येतो."

दुसरी ओळ कापून मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. नऊ वर्षं झाली, यार. प्रांजलीच्या लग्नाला आलास, ढोलवाल्याच्या गळ्यातला ढोल काढून घेऊन नाचलास, आणि गेलास तो गेलासच. माझ्या लेकीची लेक आता मला चष्मा शोधून देते. बिअर बाजारात मिळते. ती मी तू येशील म्हणून करतो आहे. घरी करणं कायद्यात बसतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

तर नीट, पहिल्यापासून शिकव. तीस वर्षं सिंचाई खात्यात काढली, पण पाणी आणि धान्य एका भांड्यात आल्यावर काय होतं ते मी कधी पाहिलेलं नाही.

काचेखालची ओळ रोज वाचणारा,
श्रीपाद


बर्गन
३ मार्च २०२४

प्रिय पंडित,

इथे पाऊस पडतो आहे. हे वाक्य मी आता पत्रांच्या कागदावर छापूनच घेणार आहे.

ते पापुद्रे आमच्या घरामागच्या म्हातारीचे. इकडे त्याला क्वाइक म्हणतात. तिला सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने. कुणाचं मेलं तर शेजारी देतात. तुमच्याकडे वाटी घेऊन विरजण मागायला यायचे ना, तसंच. बाकीची यीस्टं तुझ्या मे महिन्यात रुसतील. याला ताप आलेल्या माणसाच्या कपाळाइतकं ऊन लागतं.

पीठ विसर. अख्खे जव आण. दोन दिवस भिजव, ओल्या फडक्यावर पसर, दिवसातून तीनदा उलट. मोड दाण्याएवढे लांब झाले की वाळव, किंचित भाज, जाडसर भरड. मग पासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर. थर्मामीटर घे, तुझी करंगळी पुरणार नाही. त्या तासात पिठाची साखर होते. गाळलेलं पाणी उकळ. इकडे कडूपणाला हॉप्सची फुलं टाकतात. तिकडे मिळाली नाहीत तर काडेचिराईत टाकून बघ, पण चिमूटभर. कोमट झालं की विरजण. बरण्या अशा स्वच्छ कर, की त्यांना मागच्या जन्माचं काही आठवू नये.

आणि विरजण घालताना ओरडायचं. बेंबीच्या देठापासून. त्याने यीस्ट जागं होतं असं म्हातारी सांगायची. मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा तिच्या कुत्र्याने आठवडाभर मला ओळख दिली नाही.

मोड कोण काढणार? तुला मटकीचे जमत नाहीत.

तुझा,
समर


थाटीपूर
७ एप्रिल २०२४

प्रिय समर,

मोड लीलामावशींनी काढले. मंजिरीची मावशी, बिर्लानगरच्या मिलच्या क्वार्टरमधली. तुला आठवत असेल. मिल बंद होऊन जमाना झाला, मावशी चालू आहेत. एकोणऐंशी पूर्ण. आमच्या सगळ्या नात्यातली पोरं त्यांच्या नाचणीच्या सत्वावर वाढली. मी म्हटलं, नातीसाठी जवाचं सत्व करायचंय, पाच किलो. त्या म्हणाल्या, "पाच किलो? नात आहे की म्हैस?" मग माझ्याकडे बघून, "मला बुद्धू समजू नकोस, श्रीपाद. तुझे मावसे तीस वर्षं मिलमध्ये होते. कशाला काय लागतं ते मला ठाऊक आहे."

पाच दिवस त्यांच्या मधल्या खोलीत जव पसरलेले होते. समर, तू मला त्या वासाबद्दल सांगितलं नव्हतंस. भर मार्चात, बंद खिडक्यांच्या अंधारात, कुणी अदृश्य बाई सारखी काकडी चिरते आहे असं वाटायचं. मी कचेरीतून परस्पर तिकडे जायचो आणि फरशीवर आडवा व्हायचो. मावशी गुडघ्यांवर बसून हात फिरवायच्या, दाणे सळसळायचे, आणि मी झोपेत की जागा, हे मला सांगता आलं नसतं.

मग आम्ही माती केली. बरण्या स्वच्छ हव्यात, हा तुझा हुकूम मी मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीइतकी स्वच्छ बरणी जगात नसते, आणि निखाऱ्यावर हिंगाचा खडा ठेवून सगळ्या बरण्यांना कडकडीत धुरी दिली. माझ्या डोळ्यांदेखत. मी कौतुकाने बघत होतो.

ओरडलोही. वरच्या मजल्यावरचे दिग्विजयसिंहजी, निवृत्त पोलीस दरोगा, काठी घेऊन खाली आले. "क्या हुआ पंडितजी, साँप?" मी सांगितलं, पूजा आहे. ते चप्पल काढून आत आले आणि बरणीला हात जोडून गेले.

पाच दिवसांनी प्यायलो. वरणाला फोडणी द्यावी आणि वरण घालायचंच विसरावं, तशी चव. मंजिरीने एक घोट घेतला आणि विचारलं, "भात लावू का?"

हिंगाच्या ढेकरांसह,
श्रीपाद


बर्गन
३० एप्रिल २०२४

प्रिय पंडित,

हिंगाचं वाचून मी कामावर हसलो. जहाजाच्या इंजिनात डोकं घालून हसलं की आवाज फार मोठा होतो. सहकाऱ्यांना सांगायचा प्रयत्न केला; नॉर्वेजियन भाषेत हिंग नाही.

बरण्या नुसत्या उकळत्या पाण्याने धू. धुरी नको, उदबत्ती नको, भक्ती नको. तळाशी बसलेला गाळ टाकू नकोस, तेच तुझं पुढचं विरजण. हिंग त्याच्या डोक्यातून दोन खेपांत उतरेल.

मावशी फरशीवर बसून जव उलटतात म्हणतोस. त्यांचं मनगट कसं आहे? डावं.

इथे आता उजेड जायचं नाव घेत नाही. जेवण झाल्यावरही खाडीचं पाणी दुधासारखं दिसतं आणि बोटी त्यावर कुणी सांडल्यासारख्या पडून असतात. अशा उजेडात माणसाला काही आठवायला लागलं तर पडदे ओढूनही उपयोग होत नाही.

बाटल्या भरल्यावर गच्चीवर ठेव. या यीस्टला ऊन आवडतं.

तुझा,
समर


थाटीपूर
१६ जून २०२४

प्रिय समर,

बाटल्या गच्चीवर ठेवल्या. सत्तेचाळीस अंश होते. दुपारी अडीचच्या सुमारास पहिली फुटली, मग तिला बघून बाकीच्या. चौदा. दिग्विजयसिंहजी पलंगाखाली गेले आणि तिथून त्यांनी ठाण्यात फोन लावायचा प्रयत्न केला. नशिबाने त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. गच्चीवर कुणी नव्हतं हेही नशीब. कपडे मात्र होते. मंजिरीच्या कोटा साडीत अजून काचा सापडतात.

तिने तुझी सगळी पत्रं मागून घेतली आणि पेपर तपासते तशी तपासली. तीस वर्षं मास्तरीण आहे. "समरजीतभावजी इंजिनिअर आहेत," ती म्हणाली. "बंद बाटली उन्हात ठेवली की काय होतं ते त्यांना माहीत नसेल?" मी म्हटलं, त्याला आपला उन्हाळा आठवत नसेल. त्यावर म्हणाली, "जव, भांडं, यीस्ट, कुत्रा, सगळं लिहिलंय. आज आम्ही प्यायलो, अशी लागली, असं एकदाही नाही. यांच्या घरची बिअर पितं कोण?"

बायकोने पत्रं वाचू नयेत, हा धडा मी घेतला आहे. तू मनावर घेऊ नकोस.

मनगट ठीक आहे. जरा वाकडं जुळलंय, थंडीत ठणकतं, बस. ते ब्रेक फेल प्रकरण तू अजून धरून बसलास की काय? लग्नघरात असं होतंच. मला तर तुझा ढोलच आठवतो.

मी नवीन जव आणले आहेत. नोव्हेंबरचं तिकीट बघून ठेव.

चौदा बाटल्यांचा शोकाकुल पिता,
श्रीपाद


बर्गन
९ जुलै २०२४

प्रिय पंडित,

बाटल्यांचं चुकलं. वहिनींची माफी माग. साडीची किंमत कळव.

नोव्हेंबरात जमेलसं दिसत नाही. दोन जहाजं दुरुस्तीला येणार आहेत. तूही आता थांबलास तरी चालेल. हौस झाली, पुष्कळ झाली.

समर


थाटीपूर
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय समर,

तुझं जुलैचं पत्र मला मिळालेलंच नाही असं मी धरून चाललो आहे. साडी मंजिरीने माफ केली. तू मात्र आता सुटत नाहीस. झाली.

सांगतो. सहावी खेप. जव मावशींचे, चिराईत नखभर, बरण्यांना नुसतं उकळतं पाणी, आणि तेच बर्गनचं विरजण, आता हिंग पूर्ण विसरलेलं. ओरडलो, पण बेतानं. दिग्विजयसिंहजी हल्ली वरूनच "जय हो" म्हणतात. मग बरणी बोलायला लागली. टप्प. बराच वेळ काही नाही. टप्प. मी शेजारी खाट टाकून चार दुपारी पडून ऐकलं. आपण तलावात बुड्या मारायला शिकत होतो, तेव्हा पाण्याखाली असंच ऐकू यायचं, आठवतं? वर कुणीतरी हाका मारतंय, आणि आपल्याला वर जायची मुळीच घाई नाही.

बाटल्या दोन आठवडे पलंगाखालच्या अंधारात ठेवल्या. काल दुपारी एक घेऊन गच्चीवर गेलो. पाऊस सरलेला, हवा धुतलेली, आणि लांबवर किल्ला जमिनीपासून चार बोटं सुटल्यासारखा. पेल्यात ओतली. रंग चिंचेच्या कोळाचा. फेस आला आणि, समर, राहिला. आधी भाजलेल्या कणसाचा वास, मग संत्र्याची साल, त्यात संत्रं कुठून आलं देव जाणे, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी चिराइताची एक बारीक तक्रार. मी पेला संपवला. खाली कुणीतरी कुकर लावला होता. शिट्ट्या फार लांबून, दुसऱ्याच गावातून येत होत्या.

मंजिरीने अर्धा पेला घेतला आणि भात लावू का, असं विचारलं नाही. तिच्याकडून याहून जास्त मार्क मला कधी मिळालेले नाहीत.

अकरा बाटल्या बाकी आहेत. त्यातली पुढची तुझ्या हाताने उघडायची. सहा डिसेंबरला ये, थंडी असेल, गच्चीवर बसू. शब्द दिला होतास.

तुझा,
श्रीपाद


बर्गन
१४ ऑक्टोबर २०२४

पंडित,

वहिनी बरोबर आहेत. चार वर्षं दोन महिने झाले, मी प्यायलेलो नाही.

त्याआधी पीत होतो. किती, ते दोन डॉक्टरांना आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या नऊ अनोळखी माणसांना सांगून झालंय. तुला सांगायचंच राहिलं. फोन उचलत नाही, कारण तू फोनवर मला हसवतोस, आणि हसलो की मी खोटं सहज बोलतो. कागदावर जरा वेळ लागतो.

तुला ढोल आठवतो. मला त्यानंतरचा तास आठवतो. मावशींना बिर्लानगरला सोडायला मी निघालो. मी कसा उभा होतो ते सगळ्यांनी पाहिलं होतं. गाडी दुभाजकावर गेली, मावशींचं मनगट मोडलं, आणि तू मांडवभर सांगत सुटलास, ब्रेक फेल झाले. ब्रेक फेल झालेल्या माणसाने जसं उभं राहावं तसा मी उभा राहिलो. चांगलं जमलं. मग पाच वर्षं तेच करत होतो. तुला दोष देत नाही. त्यासाठी माझ्याकडे फार जवळचा माणूस आहे.

म्हातारीने जाण्याआधी ते पापुद्रे माझ्या हातावर ठेवले. सहा वर्षं मी त्यावर बिअर केली, आणि थांबलो तेव्हा फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीमागे ठेवून दिले. टाकवेनात. वापरता येत नव्हते. तसेच पडून राहिले असते तर हळूहळू मेले असते. तेवढ्यात तुझं पत्र आलं. बासरी, फ्रेंच, मधमाश्या, सगळं तू अर्ध्यावर सोडलंस. वाटलं, हेही सोडशील. विरजण मेलंच तर माझ्या हातून मरणार नाही, आणि मला यावंही लागणार नाही. म्हणून तो शब्द इतका निर्धास्त दिला. तू सोडेनास. म्हणून गच्चीचा सल्ला दिला, जाणूनबुजून. तिथे कुणी उभं असतं तर, हा विचार नंतर आला. माझे असले विचार नंतरच येतात.

तुझ्या बाटलीचं वर्णन मी एकदा वाचलं आणि ते पत्र दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

मी आलो तर तू पेला पुढे करशील. मी नको म्हणेन. कदाचित म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही हे मला रोज सकाळी उठून स्वतःला सांगावं लागतं. म्हणून येत नाही.

समर


थाटीपूर
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय समर,

तुझं पत्र वाचून मी आधी अकरा बाटल्या वर दिग्विजयसिंहजींकडे पोचवल्या. ते म्हणाले, "प्रसाद?" मी हो म्हटलं. मग रिकाम्या पलंगाखाली बराच वेळ बघत बसलो. वर्षभर मी तुझ्यासाठी फास वळत होतो, तो कसा वळावा हे तुलाच विचारत होतो, आणि तू मला पासष्ट अंश सांगत होतास.

आता माझं ऐक. ब्रेकचं खोटं मी तुझ्यासाठी बोललो, असं नऊ वर्षं समजत होतो. तुझ्या हातात गाडीची किल्ली कुणी ठेवली? मी. तू कसा उभा होतास ते मला दिसत होतं, आणि तरी दिली, कारण पाहुण्यांसमोर तुला नाही म्हणायची मला लाज वाटली. खोटं मी स्वतःसाठी बोललो होतो. तू त्यात फुकट अडकलास.

रविवारी मावशींकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "ब्रेक नव्हते गेले, मला काय माहीत नाही? मी शेजारीच बसले होते की." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? "तुम्ही दोघं इतकं मन लावून सांगत होतात. आणि तो पोरगा रस्त्यावर बसून माझा हात धरून रडत होता, ते तुला कुठे माहीत आहे? तू मांडवात होतास." मग शेंगांचं ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "पितो म्हणून येत नव्हता, आता पीत नाही म्हणून येत नाही. मग यायचं कधी?"

मी या प्रश्नावर तीन दिवस विचार केला. खात्याचा प्रश्न असता तर समिती नेमली असती.

हे बघ. पिण्याच्या दिवशी येऊ नकोस. करण्याच्या दिवशी ये. सकाळी आठला आपण भरड पाण्यात घालतो, दुपारी दोनपर्यंत ते नुसतं गोड गरम पाणी असतं. आमच्या नातीला कपभर देतो आम्ही, तिला मिशा येतात. त्या सहा तासांत त्यात काहीही नसतं, समर, फक्त वास आणि वाफ. विरजण घालायच्या आधी आपण दोघं उठू, दार ओढून घेऊ आणि सराफ्यात कचोरी खायला जाऊ. बाकीचं मंजिरी करेल. ती माझ्यापेक्षा बरं ओरडते. आणि तेही नको असेल तर भांडं चुलीवर चढणारच नाही. मला बिअर येते आता. येत नाहीस तो तू.

पापुद्रे वाळवून दोन पुड्या केल्या आहेत. एक आमच्याकडे, एक बिर्लानगरला मावशींच्या कपाटात. जिवंत आहेत. तुला परत पाठवणार नाही, काळजी करू नकोस.

तुझा,
श्रीपाद


बर्गन
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पंडित,

तिकीट काढलं. अकरा जानेवारीला सकाळी पोचतो, आठ दिवस राहीन. मुक्काम तुझ्याकडे नाही, बिर्लानगरला. मावशींना विचारून ठेव, मधल्या खोलीत जागा असेल तर.

चुलीचं आत्ता नको. तो वास मला ओळखतो. पण जव कोरडे ठेव, मी येईपर्यंत भिजत घालू नकोस. दोन दिवस भिजायला, तीन दिवस मोडांना, तीन दिवस गच्चीवर वाळायला; आठ दिवसांत तेवढंच होतं, मोजून पाहिलं. दिवसातून तीनदा मी उलटेन.

भरडायचं पुढच्या खेपेला बघू.

समर